आराखड्याचं नवं-जुनं

मुंबईचा विकास आराखडा वाशीममध्ये बसून कशाला वाचायचा, याचं एक कायदेशीर उत्तर आहे. मुंबईचा आराखडा ज्या कायद्याखाली होतो, त्याच महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ खाली वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर या नगरपालिकांचेही आराखडे होतात. कलमं तीच, आरक्षणं तीच, हरकती मागवण्याची रीतही तीच. पण मला दुसरं उत्तर जास्त पटतं. मुंबईच्या आराखड्यात जे घडलं आहे, त्याला नेमका शब्द नगररचनेच्या पुस्तकात सापडत नाही. गावच्या सोसायटीच्या व्यवहारात सापडतो. तो शब्द म्हणजे ‘नवं-जुनं’.

शेतकऱ्याच्या घरात हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, पण शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. पीककर्ज मार्चअखेर फेडायचं असतं. सोयाबीन गेलेलं, तूर भावात मार खाल्लेली, हातात पैसे नाहीत. मग दोन दिवसांपुरते कुणाकडून तरी आणायचे, बँकेत भरायचे, जुनं खातं निरंक झालं की त्याच गादीवर नवं कर्ज उचलायचं आणि आणलेले पैसे परत करायचे. कागदावर कर्ज फिटलं, शेतकरी नियमित कर्जदार ठरला, बँकेची वसुली चांगली दिसली. देणं मात्र जिथल्या तिथे, शिवाय व्याज. यात कुणी खोटं बोललेलं नसतं. फक्त जुन्या कर्जाचं काय झालं हे विचारायची जागा शिल्लक राहत नाही.

‘मुंबई विकास आराखडा २०३४’ हा दस्तऐवज मी असाच वाचतो. त्याच्यावर टीका पुष्कळ झाली आहे आणि बरीचशी योग्य आहे: बिल्डरधार्जिणा आहे, मैदानं खातो, झोपडपट्टी बघत नाही. माझी तक्रार थोडी वेगळी आहे. सुधारित आराखडा म्हणजे आधीच्या आराखड्याची दुसरी आवृत्ती. दुसऱ्या आवृत्तीच्या लेखकानं पहिली आवृत्ती वाचलेली असावी, तिच्यातलं काय टिकलं आणि काय का गाळलं हे सांगावं, एवढी साधी अपेक्षा आपण कुठल्याही पुस्तकाकडून करतो. आराखड्याकडून का करत नाही?

तारखांपासून सुरुवात करू, कारण त्याही बोलतात. मुंबईनं समग्र नियोजनाचा विचार केला तो १९४८ मध्ये, एन. व्ही. मोडक आणि आल्बर्ट मेयर यांच्या रूपरेषेतून. कायद्यानं बांधलेला पहिला विकास आराखडा १९६४ मध्ये तयार झाला आणि १९६७ पर्यंत मंजूर झाला. दुसरा आराखडा १९८१ ते २००१ या काळासाठी होता, पण त्याला टप्प्याटप्प्यानं मंजुरी मिळाली ती १९९१ ते १९९४ मध्ये. म्हणजे वीस वर्षांचा आराखडा जन्माला आला तेव्हा त्याची दहा वर्षं आधीच संपलेली होती. तिसरा २०१४ ते २०३४ चा. त्याला राज्य शासनानं मंजुरी दिली मे २०१८ मध्ये. त्याचीही चार वर्षं गेलेली. शीर्षकातला काळ आणि पुस्तकातला काळ असा वेगळा असणारं दुसरं लेखन माझ्या वाचनात नाही.

मधल्या काळात शहर थांबलेलं नसतं. ते जुन्याच आराखड्यावर चालतं आणि त्या आराखड्याला ठिगळं लागत राहतात. अधिनियमाचं कलम ३७ ‘किरकोळ’ फेरबदलांसाठी आहे. किरकोळ म्हणजे किती, हे त्या शब्दाच्या सोयीवर. २०१८ मध्ये जो आराखडा बदलला गेला, तो १९९१ चा मूळ आराखडा नव्हताच. सत्तावीस वर्षांच्या ठिगळांनी झालेली गोधडी होती.

आता आरक्षणाविषयी. वृत्तपत्रांत ‘आरक्षण’ हा शब्द आला की मनात भलताच विषय येतो. आराखड्यातलं आरक्षण म्हणजे नकाशावरच्या एखाद्या भूखंडावर लिहून ठेवलेला शब्द: मैदान, शाळा, प्रसूतिगृह, मंडई, स्मशानभूमी, बेघरांचा निवारा. जमीन खाजगी असली तर मालकाला तिथे दुसरं काही बांधता येत नाही आणि शहराला ती ताब्यात घेऊन ठरलेली सोय उभारायची असते. ही दोन बाजूंची उसनवारी आहे. मालकाचा हक्क गोठवला म्हणून शहर त्याचं देणं लागतं. त्या भागातल्या रहिवाशांना मैदान कबूल केलं म्हणून त्यांचंही देणं लागतं. हे देणं फिटलं किती? १९९१ च्या आराखड्यातली जेमतेम एक तृतीयांश आरक्षणं प्रत्यक्षात आली, असं नव्या आराखड्याच्या तयारीच्या काळात वारंवार सांगितलं गेलं. पहिल्या आराखड्याचं प्रमाण त्याहूनही कमी, २० टक्क्यांच्या आत.

हे आकडे धक्कादायक आहेतच. त्याहून मला खटकतो तो त्यांचा सूर. ‘अंमलबजावणी अल्प झाली’ अशा कर्मणी प्रयोगात ते येतात, जणू पाऊस कमी झाला. कुठल्या वॉर्डातलं कुठलं मैदान, कोणत्या वर्षी, कुणाच्या सहीनं, कशामुळे गेलं याची यादी सामान्य माणसाला वाचता येईल अशा रीतीनं नव्या आराखड्याच्या पहिल्या प्रकरणात असायला हवी होती. भलेही ते प्रकरण बाकी सगळ्या पुस्तकाहून जाड झालं असतं. त्याऐवजी नवा नकाशा, नवे रंग, नवे सांकेतिक क्रमांक. खातं निरंक.

मालकांच्या बाजूनं कायद्यात निदान घड्याळ आहे. कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर ठरलेल्या मुदतीतही हालचाल झाली नाही तर आरक्षण रद्द समजलं जातं. त्यातही सुधारित आराखड्यात तेच आरक्षण पुन्हा टाकलं तर दहा वर्षं कुठून मोजायची, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नवं-जुनं केल्यावर व्याज कुठल्या तारखेपासून, असाच तो वाद. पण ज्यांना मैदान कबूल केलं होतं त्या मुलांसाठी असं कुठलंही कलम नाही. १९९१ मध्ये सात वर्षांचा असलेला मुलगा २०१८ मध्ये चौतीस वर्षांचा झाला. त्यानं नोटीस कुणाला द्यायची?

२०१५ चा पहिला मसुदा हा या कहाणीतला सर्वांत गमतीचा भाग आहे आणि सर्वांत आशेचाही. फेब्रुवारीत तो प्रसिद्ध झाला आणि लोकांनी आपापली गल्ली त्यात शोधायला सुरुवात केली. उभ्या इमारतींवरून रस्ते काढलेले, वारसा वास्तू नोंदीतून गळालेल्या, असलेल्या गोष्टी नसलेल्या म्हणून दाखवलेल्या. याची पूर्वसूचना आधीच मिळालेली होती: २०१२ मध्ये विद्यमान जमीनवापराचे नकाशे आले तेव्हाच नागरिकांच्या गटांनी त्यांतल्या हजारो चुका दाखवल्या होत्या. पाया वाकडा असताना वर भिंत चढवली गेली. त्यात स्थानकांच्या परिसरात ८ पर्यंत चटई क्षेत्र निर्देशांक आणि आरे वसाहतीत बांधकामाला वाट. सुमारे ६५ हजार सूचना आणि हरकती आल्या. एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मसुदा नव्यानं करायला सांगितलं.

या ६५ हजार हरकतींकडे मी समीक्षालेखन म्हणून बघतो. एवढी समीक्षा अलीकडच्या कुठल्याही मराठी पुस्तकाच्या वाट्याला आलेली नाही. ती कुठल्या सिद्धांतातून आलेली नव्हती. आमच्या चाळीवरून रस्ता का काढला, आमची विहीर कुठे गेली, अशा प्रकारचं हे वाचन होतं आणि त्यानं लेखकाला पुस्तक मागे घ्यायला लावलं. ‘हमारा शहर विकास नियोजन अभियान’सारख्या आघाड्यांनी त्याआधी काही वर्षं वस्त्यावस्त्यांमध्ये बैठका घेऊन आराखडा म्हणजे काय हे लोकांना समजावलं होतं, त्याचा यात मोठा वाटा आहे. वाचक आपोआप तयार होत नाही.

रमानाथ झा यांच्या देखरेखीखाली तयार झालेला सुधारित मसुदा मे २०१६ मध्ये आला. तो पहिल्याहून नि:संशय बरा होता. माणशी मोकळ्या जागेचं उद्दिष्ट पहिल्या मसुद्यात २ चौरस मीटर होतं, ते ४ वर गेलं. हरकती सुमारे १३ हजारांवर आल्या. पण ‘आधीच्यापेक्षा बरा’ ही मोजपट्टी फसवी असते. इतक्या चुकीच्या मसुद्यानंतर नुसतं घर घराच्या जागी दाखवलं तरी लोकांना हायसं वाटतं. चुका दुरुस्त करण्यात सगळी शक्ती गेली आणि मूळ प्रश्न, म्हणजे मागचं देणं, बाजूलाच राहिला.

भाषेकडे येतो, कारण खरा बदल तिथे झाला आहे. १९९१ च्या आराखड्याबरोबर आली ती ‘विकास नियंत्रण नियमावली’. २०३४ च्या आराखड्याबरोबर आली ती ‘विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली’. ‘व प्रोत्साहन’ ही दोन शब्दांची भर या सगळ्या प्रकल्पातलं सर्वांत प्रामाणिक वाक्य आहे असं मला वाटतं. महापालिकेकडे जमीन विकत घ्यायला पैसे नाहीत किंवा ते त्यावर खर्च करायचे नाहीत. म्हणून ती चटई क्षेत्र छापते. रिझर्व्ह बँक नोटा छापते तसं. मैदान दे, हस्तांतरणीय विकास हक्क घे. शाळेची इमारत बांधून दे, उरलेल्या जमिनीवर तुझं बांध. अभियंता शिरीष पटेल यांनी निर्देशांकाच्या या वापरावर वर्षानुवर्षं लिहिलं. त्यांचा मुद्दा साधा होता: निर्देशांक वाढवताना त्या जागी किती माणसं येतील आणि त्यांना रस्ता, पाणी, मोकळी जागा माणशी किती उरेल हे मोजा. चलन छापणाऱ्याला मागे सोनं किती आहे हे विचारण्यासारखंच ते होतं.

दुसरा शब्द याहून धूर्त. १९९१ च्या आराखड्यात ‘ना-विकास क्षेत्र’ होतं. नाव ओबडधोबड होतं, पण ऐकणाऱ्याला कळायचं की इथे बांधायचं नाही. नव्या आराखड्यात त्यातल्या मोठ्या भागाचं नाव ‘विशेष विकास क्षेत्र’ झालं. नकाराचा होकार झाला आणि मधे एकही वाक्य खर्ची पडलं नाही. कारण म्हणून परवडणारी घरं पुढे आली. १० लाख घरं आणि ८० लाख रोजगार अशी घोषणा मंजुरीच्या वेळी झाली. परवडणारी घरं नकोत असं कोण म्हणेल? आमच्या तालुक्यांतून कामाला गेलेली माणसंही तिथे भाड्याच्या खोलीत आणि झोपडीत राहतात. पण ‘परवडणारं’ हे विशेषण कुणाच्या पगाराला धरून आहे, हे घोषणेत सांगितलेलं नव्हतं.

शब्द कसा गिळतो याचं मुंबईतलं अभिजात उदाहरण गिरण्यांच्या जमिनीचं आहे आणि ते दोन आराखड्यांच्या मधल्या ठिगळांच्या काळातलं आहे. १९९१ च्या नियमावलीतला ५८ क्रमांकाचा नियम (गिरण्याही ५८ धरल्या जात, हा योगायोग) ढोबळमानानं असं सांगत होता की गिरणीच्या जमिनीचा विकास करायचा तर एक वाटा मोकळ्या जागांसाठी शहराला, एक वाटा सार्वजनिक घरबांधणीसाठी, उरलेला मालकाला. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव मोडलं होतं. त्या मोडतोडीतून शहराला काहीतरी मिळावं हा त्यामागचा हेतू. २००१ मध्ये दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त ‘मोकळ्या’ जमिनीपुरती उरली. गिरणीचं बांधकाम पाडल्यावर रिकामी होणारी जमीन त्यात धरायची नाही. गिरणीच्या आवारात मुळात मोकळी जमीन ती किती असणार? उच्च न्यायालयानं २००५ मध्ये शहराच्या बाजूनं अर्थ लावला. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २००६ मध्ये तो फिरवला आणि दुरुस्ती टिकली. लोअर परळला जाऊन वर बघितलं की त्या एका विशेषणाची उंची दिसते.

आता अवघड भाग. मैदानासाठी राखलेल्या जागेवर वस्ती उभी राहिली असेल तर काय करायचं? नियम असा झाला की तिथे झोपडपट्टी पुनर्वसन योजना राबवता येते, मात्र भूखंडाचा ३५ टक्के भाग मोकळा ठेवायचा. याविरुद्धची याचिका दोन दशकांहून जास्त चालली. मुंबई उच्च न्यायालयानं जून २०२५ मध्ये नियम कायम ठेवला. सोसायटीच्या भाषेत ही एकरकमी तडजोड झाली: रुपयाला पस्तीस पैसे घ्या आणि खातं बंद करा. माझं मत या ठिकाणी मैदानवाल्यांच्या बाजूनं सरळ झुकत नाही. २०११ च्या जनगणनेत शहरातले ४० टक्क्यांहून जास्त लोक झोपडपट्टीत होते. त्यांना घर कबूल करणं हेही देणंच आहे, आणि ते त्याच आराखड्यानं चुकवलं म्हणून ती माणसं मैदानावर आली. आता दोन धनको एकाच भूखंडावर समोरासमोर उभे आहेत. ऋणको मात्र न्यायालयात तिसऱ्या बाकावर बसून नियमाचा अर्थ समजावून सांगतो आहे. ही लबाडी मला सहन होत नाही.

समुद्राविषयी आराखडा विचित्रपणे गप्प आहे. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आमच्याकडे एवढा पाऊस पडायला अख्खा पावसाळा लागतो. माधवराव चितळे यांच्या समितीनं त्यावर सविस्तर अहवाल दिला. तरीही शहराचा हवामान कृती आराखडा आला तो मार्च २०२२ मध्ये, म्हणजे जमिनीचं वाटप मंजूर झाल्यावर चार वर्षांनी. आधी शेत वाटून घेतलं आणि मग ओढा कुठून वाहतो ते बघितलं. किनाऱ्यावर या काळात झालेली सर्वांत मोठी गोष्ट, सागरी किनारा मार्ग, वेगळ्या समित्या आणि परवानग्यांच्या वाटेनं आली. २०१९ मध्ये उच्च न्यायालयानं त्या परवानग्या रद्द केल्या, सर्वोच्च न्यायालयानं काही महिन्यांत काम सुरू करू दिलं, मार्च २०२४ पासून त्यावर गाड्या धावतात. आणि किनाऱ्यावर शहराच्याही आधीपासून असलेले कोळीवाडे? त्यांच्या सीमा निश्चित करण्याचं काम पुढे ढकललं गेलं. काही कोळीवाडे झोपडपट्टी म्हणून दाखवल्याची तक्रार कोळी समाजानं केली. मासळी वाळवायची जागा, होड्या ओढून ठेवायची जागा, जाळी विणायची जागा: यांना आराखड्याच्या शब्दकोशात धड नाव नाही. ज्याला नाव नाही त्याचं आरक्षणही नाही.

या शब्दकोशाची पुढची आवृत्ती आपल्याकडे पोचलेली आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्यानं मुंबई आणि आणखी काही क्षेत्रं वगळून बाकी महाराष्ट्रासाठी ‘एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली’ लागू केली. नावात ‘प्रोत्साहन’ आहेच. समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव या तालुक्यांतून गेला, शेलूबाजारला त्याच्यावर चढता-उतरता येतं आणि महामार्गालगतच्या नवनगरांच्या निमित्तानं आराखडा, आरक्षण, जमीन एकत्रीकरण हे शब्द शेतकऱ्यांच्या तोंडी येऊन गेले. मुंबईत ज्या चलनानं देणी फिटवली असं दाखवता येतं, ते चलन इथे मात्र चालत नाही. जिथे जमिनीला सोन्याचा भाव आहे तिथेच विकास हक्काच्या कागदाला गिऱ्हाईक असतं. वाशीमच्या बागेसाठी राखलेल्या दोन एकरांच्या बदल्यात मालकाला हस्तांतरणीय विकास हक्क देऊ केला, तर तो ते कुणाला विकणार? गावात वर चढायची घाई कुणालाच नाही. बाजूला पसरायला रान आहे. रोख मोबदला द्यायला नगरपालिकेकडे पैसे नाहीत. मग दहा वर्षं जातात, कलम १२७ ची नोटीस येते, मुदत उलटते आणि बाग नकाशावरून पुसली जाते. ना बातमी, ना याचिका.

मुंबईत निदान ६५ हजार माणसं हरकत घ्यायला उठली. लहान गावात आराखड्याची जाहिरात येते तेव्हा ती वाचतात प्लॉट पाडणारे आणि ज्यांच्या वावरातून रस्ता गेला आहे ते. बाकीच्यांना वाटतं, आपली जमीन त्यात नाही, मग आपलं काय. पद्मतीर्थाच्या काठावर काय असावं, एकबुर्जीच्या पाणलोटात बांधकाम किती वर जावं, आठवडी बाजार कुठे भरावा, ज्यांचं घर नावावर नाही त्यांनी कुठे राहावं, यात प्रत्येकाचीच जमीन गुंतलेली आहे. हरकत घ्यायला नगररचनेची पदवी लागत नाही. नव्या मसुद्याबरोबर जुन्या मंजूर आराखड्यातल्या आरक्षणांची यादी जोडा आणि प्रत्येकापुढे काय झालं ते लिहा, एवढी मागणी एका कागदावर मावते. सोसायटीचा सचिवही खातेउतारा मागितला की देतो, कुरकुरत का होईना.